परसातले पाच हॉप्स, पुसलेली नावं आणि आप्पांची छाटणी

निफाडची थंडी
११ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. इथे बहुतेक प्रश्न कढीपत्ता आणि मोगऱ्याचे असतात, माझा जरा वेगळा आहे. सांभाळून घ्या.

आम्ही ऑरेगनमध्ये बीव्हर्टनला राहतो. नवऱ्याला घरी बिअर बनवायचा नाद आहे. तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तो हॉप्सचे, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलाचे, पाच वाणांचे पाच तुकडे घेऊन आला: कॅस्केड, सेंटेनियल, विलामेट, नगेट आणि साझ. तुकडे म्हणजे सुकलेल्या आल्यासारख्या वीतभर मुळ्या. आणले त्याने, लावले मी. द्राक्षबागायतदाराची लेक म्हटल्यावर वेल हे माझं खातं, असं आमच्या घरात न बोलता ठरलेलं आहे.

गॅरेजच्या दक्षिणेकडच्या भिंतीलगत चार-चार फुटांवर पाच खड्डे केले, शेणखत घातलं, छपराच्या कडेपासून खाली बारा फुटी नायलॉन दोऱ्या सोडल्या. आइसक्रीमच्या काड्यांवर मार्करने नावं लिहून खोचली. इथला पाऊस ऑक्टोबरात बसतो तो मे आला तरी उठत नाही. काड्या टिकल्या, नावं गेली. तरी क्रम पाठ होता, म्हणून मी निवांत होते. दुसऱ्या वर्षी मात्र दोन खड्ड्यांच्या मधोमध कोंब फुटले. ते डावीकडच्याचे की उजवीकडच्याचे, देव जाणे.

आणि यंदा मेच्या पहिल्या आठवड्यात आप्पा, म्हणजे माझे वडील, आले.

आप्पांनी पस्तीस वर्षं थॉमसन द्राक्षं केली. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, बाकी जग त्यानंतर. माझी झुडपं बघून म्हणाले, "ही बाग आहे का बाभळबन?" दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर सगळं जमिनीसपाट! काड्या उपटून कचऱ्यात. मग नवे कोंब आले तसे दोरीला दोन-दोन या हिशेबाने त्यांनी सुतळीने बांधले. ज्या दोरीजवळ जो कोंब सापडला, तो तिच्यावर. दिसायला बाग झकास झाली. फक्त त्यांनी बांधलेले कोंब दोन दिवसांत सुटून लोंबायचे, ते पुन्हा बांधायचे, कोंब पुन्हा सुटायचे. "हट्टी वाण आहे," म्हणायचे.

याला फळ काय येतं, असं विचारल्यावर मी त्यांना गेल्या वर्षीचं सुकं बोंड दिलं. इंग्रजीत कोन म्हणतात, पण बोंड हा आप्पांचा शब्द आणि मला तोच आवडतो. त्यांनी चुरगाळलं, वास घेतला, जिभेला लावलं आणि थुंकले. "कडुनिंबाची बहीण आहे." आणि लगेच, "याला दर काय?"

तर आता परिस्थिती अशी. बोंडं भरपूर लागली आहेत, पण कुठला वेल कोण हे सांगता येत नाही. एकावर जेमतेम मूठभर बोंडं आहेत. एकाचे कोंब वसंतात पिवळट, खुरटे, पानं खाली वळलेली, पानामागे राखाडी-काळपट थर. आप्पांनी दहा फुटांवरून ओळखलं: डाऊनी, द्राक्षावर येते तीच बुरशी. मोरचूद-चुना मार म्हणाले, आणि कोपऱ्यातल्या माझ्या दोन द्राक्षवेलींवर जाईल म्हणून घाबरवून गेले. जाईल का? आणि भिंतीला पाच वेल झेपत नाहीत, तीनच ठेवायचे आहेत. कोणते ठेवू? त्याआधी, ओळखू कसे? आणि तोडायचे कधी? गेल्या वर्षी मी पंधरा ऑगस्टला तोडले, बिअरला गवताचा वास आला. नवरा काही बोलला नाही, पण प्यायलाही नाही.

याकिमावाला
१२ ऑगस्ट

ताई, आधी आप्पांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी जे केलं ते बरोबर केलं. वसंतात पहिले उसळून येणारे कोंब पोकळ आणि ठिसूळ असतात, इथले शेतकरीही ते काढून टाकतात आणि मागून येणारे चढवतात. डाऊनीचे पहिले कोंबही त्यातच जातात. पुढच्या वर्षी ते फेकू नका, लसूण-मिरचीच्या फोडणीवर परता. बेल्जियममध्ये या कोंबांना मोठा मान आहे. आमच्या घरी मार्चअखेरीस एकदा तरी होतात, बायको म्हणते शेवग्याच्या पाल्यापेक्षा बरे.

मी इथे वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात एका हॉप्सच्या शेतावर ठिबकचं काम बघतो, अकरा वर्षं झाली. अमेरिकेतलं बहुतांश हॉप्स इथेच पिकतं. हे सांगतोय ते पुस्तकातलं नाही, चिखलातलं आहे. म्हणजे चिखल पण नाही, वर्षाला जेमतेम आठ इंच पाऊस. धुळीतलं म्हणा.

कोंब सुटायचं कारण हट्ट नाही. द्राक्षाला ताणे असतात, याला नसतात. हा स्वतः पिळत वर जातो, अंगावरच्या आकड्यासारख्या खरखरीत लवेने धरतो, आणि वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरतो. घेवडा उलटा फिरतो, बहुतेक वेल उलटेच. आप्पांच्या हाताला तीच सवय असणार. त्यांनी डावीकडून गुंडाळला, याने रातोरात सोडवून घेतला. पुढच्या वेळी उजवीकडून दोन वेढे द्या, बांधायची गरजच नाही. आणि हात झाका. ती लव त्वचेला अशी काही लागते की आठवडाभर ओरखडे दिसतात.

नायलॉन काढा. गुळगुळीत असतं, वेलाला पकड मिळत नाही, आणि हिवाळ्यात वाळलेल्या वेलातून सोडवत बसावं लागतं. काथ्याची दोरी घ्या. इथे अठरा फुटी खांबांवर तारा ओढलेल्या असतात आणि दर वसंतात माणसं ट्रॅक्टरवरच्या माचावर उभी राहून हजारो दोऱ्या बांधतात. त्या दोऱ्या श्रीलंकेहून येतात, नारळाच्या काथ्याच्या. माझं आजोळ गुहागर. पहिल्या वर्षी तो गठ्ठा फोडला, वास आला आणि मी दोन मिनिटं तसाच उभा राहिलो. आजी पडवीत बसून सुंभ वळायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, इथे काढणीला वेल आणि सुंभ दोन्ही एकत्र कापून यंत्रात जातात. पीळ कुणाचा कुठला, ते शेवटपर्यंत कळत नाही.

आता ओळख. सगळ्यात सोपा साझ. त्याचं देठ-खोड तांबूस असतं. बोंडं लहान, हलकी, आणि मूठभरच. तुमचा जेमतेमवाला तोच असणार. चेक देशाबाहेर तो फारसा रमत नाही, त्याची चूक नाही. मग लांबट, बऱ्यापैकी मोठी बोंडं असलेले दोन वेल निघतील: कॅस्केड आणि नगेट. तळहातावर चोळून नाकाशी न्या. चकोतऱ्याच्या सालीचा आणि फुलांचा वास आला तर कॅस्केड. राळ, हिरवा पाला, काहीतरी औषधी आलं तर नगेट. नगेटचं बोंड घट्ट असतं आणि तयार व्हायला वेळ लावतं. उरलेल्या दोघांत ज्याचं बोंड दाबल्यावर भरीव, दाट लागतं आणि लिंबासारखा वास देतं तो सेंटेनियल. हलकं, गोलसर, वास मातीचा आणि थोडा मसाल्याचा, तो विलामेट. आत्ता वासावर जाऊ नका, सगळे गवतासारखेच येतील. अजून पंधरा दिवस थांबा.

डाऊनीबद्दल: हॉप्सची डाऊनी वेगळी, द्राक्षाची वेगळी. नाव एक, बुरशी दोन. हॉप्सवरची ही काकडीच्या डाऊनीची सख्खी बहीण आहे. तुमच्या द्राक्षाला तिच्यापासून धोका नाही. पण ती हॉप्सच्या गड्ड्यात मुक्काम करते आणि दर वसंतात त्याच गड्ड्यातून वर येते, हे वाईट. कॅस्केड आणि विलामेट तिला बऱ्यापैकी तोंड देतात, सेंटेनियल आणि नगेट लवकर बळी पडतात. तुमच्याकडे ओला वसंत, म्हणून डाऊनी. आमच्याकडे कोरडं, म्हणून भुरी आणि लाल कोळी. वाटणी चोख आहे. खालची तीन फूट पानं ओरबाडून काढा, हवा खेळू द्या. मोरचुदाचा विचार पुढच्या वसंतात करा, आता बोंडं धरली आहेत, ती कुणीतरी पिणार आहे.

ठेवायचे कोणते? मी नगेट काढीन. लोकांना धक्का बसेल, पण ऐका. हॉप्सचा कडूपणा ज्या आम्लांमुळे येतो त्यांना अल्फा आम्लं म्हणतात. ती उकळताना बदलतात तेव्हा कडू लागतात, म्हणून कडूपणासाठीचं हॉप्स तासभर उकळतात. नगेटमध्ये ती साधारण १२ ते १४ टक्के, कॅस्केडमध्ये साधारण ४.५ ते ७. पण हे आकडे पाकिटावरचे. तुमच्या भिंतीवरच्या नगेटमध्ये यंदा ९ आहे की १४, हे प्रयोगशाळेत दिल्याशिवाय कळणार नाही, आणि अंदाजाने घातलेला कडूपणा म्हणजे अंदाजाने घातलेलं मीठ. कडूपणा विकत घ्या, वास घरचा घाला. वासासाठी शेवटच्या पाच मिनिटांत घालायचं, तिथे आकड्याने फार बिघडत नाही. तेव्हा कॅस्केड, विलामेट, आणि डाऊनीतून वाचला तर सेंटेनियल.

तोडणीचं: बोंड दाबलं की कागदासारखं वाजलं पाहिजे आणि सोडल्यावर परत फुगलं पाहिजे. उभं फाडून बघा, आतली पिवळी पूड फिकट लिंबू रंगाची असेल तर थांबा, हळदीसारखी गडद झाली की तोडा. तुमच्याकडे सेंटेनियल-विलामेट ऑगस्टअखेर, कॅस्केड सप्टेंबरच्या सुरुवातीला, नगेट त्यानंतर. पंधरा ऑगस्ट झेंडावंदनाला ठीक आहे.

आणि नवरोबांना सिट्रा किंवा मोझेक लावायची इच्छा असेल तर सांगा, विसरा. ती पेटंटची वाणं आहेत, मुळ्या विकत मिळत नाहीत. तुमच्याकडची ही चार अमेरिकन वाणं सरकारी आणि विद्यापीठाच्या संशोधनातून आलेली, म्हणून सगळ्यांची. कॅस्केड तर तुमच्या शेजारच्या कॉर्व्हॅलिसचं, १९७२ साली बाहेर आलं.

मोती आणि मी
१२ ऑगस्ट

मध्येच बोलते. घरात कुत्रा आहे का? असेल तर पडलेली बोंडं आणि विशेषतः बिअर बनवून उरलेला हॉप्सचा चोथा त्याच्या तोंडाला लागू देऊ नका. कुत्र्यांचा ताप इतका चढतो की जीव जातो. मांजराचं काही माहीत असलं तर इतरांनी लिहा. आमच्या शेजारच्यांनी चोथा खतात टाकला होता, कुत्रं वाचलं, पण रात्रभर दवाखान्यात होतं. एवढंच.

केंटकर
१४ ऑगस्ट

याकिमावाल्यांचं सगळं मान्य, नगेट सोडून.

मी इंग्लंडमध्ये केंटात राहतो. आमच्याकडे हॉप्सच्या शेतालाही बागच म्हणतात, हॉप गार्डन. पश्चिमेला वूस्टरशरकडे गेलात की तिचं हॉप यार्ड होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला जुनं हॉप्स वाळवायचं घर आहे, गोल भिंती आणि वर पांढरं तिरकं टोपरं. आता त्यात एक दंतवैद्य राहतो. पूर्वी लंडनच्या पूर्व भागातली अख्खी कुटुंबं सप्टेंबरात इथे बोंडं तोडायला यायची, तीच त्यांची सुट्टी. आपल्याकडे ऊसतोडीला जातात त्यात सुट्टी नसते, हा फरक.

मुद्दा असा की तुमच्या बागेतले निम्मे वेल एकाच घरातले आहेत. फगल हे आमचं जुनं वाण, डाऊनीला दाद न देणारं. विलामेट ही फगलची लेक, कॅस्केडच्याही आईकडे फगल आहे. ती दोघं तुमच्या पावसात का तगली, याचं उत्तर तिथे आहे. दुसरीकडे, इथल्या वाय कॉलेजात प्रोफेसर सामन यांनी कॅनडातल्या मॅनिटोबाहून आलेल्या रानटी हॉप्सपासून ब्रूअर्स गोल्ड काढलं, १९३४ साली ते बाहेर आलं. तुमचं सेंटेनियल आणि नगेट दोन्ही त्याच्या वंशातली. कडूपणा तिकडून आला.

म्हणून मी म्हणेन, कुळ बघा आणि अंगण बघा, पण शेवटी समोरचा वेल बघा. नगेट तुमच्याकडे निरोगी असेल तर त्याला हात लावू नका. ताजं, न वाळवलेलं नगेट शेवटी घातलं तर काही वाईट लागत नाही. प्रमाण मात्र वाळवलेल्याच्या पाच-सहा पट घ्या, कारण ओल्या बोंडात पाणीच पाणी. साझबद्दल वाईट वाटतं. चेक देशातलं झातेत्स हे त्याचं मूळ गाव, त्याच्या आसपासचा तो सगळा हॉप्सचा परिसर २०२३ मध्ये जागतिक वारसा झाला, आणि तुमच्याकडे तो गॅरेजमागे उपाशी.

बुटकी वाणंही मिळतात, फर्स्ट गोल्डसारखी, आठ फुटांच्या आत राहतात. मी कुंपणाला तीच लावली आहेत. शिडी नको, गुडघेदुखी नको.

गच्चीवरचा प्रयोग
१७ ऑगस्ट

पुण्याहून. कोथरूडला गच्चीवर दोन कुंड्यांत कॅस्केड लावून बघितलं होतं. पहिल्या वर्षी जेमतेम चार फूट वाढलं तोच नऊ बोंडं आली, मोजली म्हणून आठवतात. एप्रिल-मेत पानं करपली. दुसऱ्या वर्षी एक कोंब, तिसऱ्या वर्षी कुंडीत पुदिना. माझं पाणी चुकलं का खत?

याकिमावाला
१७ ऑगस्ट

दोन्ही नाही, दिवस चुकला. हॉप्स दिवसाची लांबी मोजतं. इथे जूनमध्ये जवळपास सोळा तास उजेड असतो, तोवर ते नुसतं वाढत राहतं, दिवस आखडायला लागले की फुलतं. पुण्यात सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. वेलाला वाटतं हंगाम संपत आला, आणि तो लहानपणीच फुलून मोकळा होतो. वर हिवाळ्याची झोपही मिळत नाही. साधारण ३५ ते ५५ अक्षांश हे त्याचं घर. भारतात हिमाचलातल्या लाहौलमध्ये याची शेती झाली आहे, पण तिथे थंडी आहे. पुदिन्याची चटणी करा.

निफाडची थंडी
२२ सप्टेंबर

उशीर झाला, तोडणी चालू होती.

आधी ओळख. याकिमावाले, तांबड्या देठाचा साझ पाच मिनिटांत सापडला. इतकी वर्षं मी त्याला उन्हाने तांबडा झाला समजत होते. बाकीच्यांसाठी पंधरा दिवस थांबले, मग एका संध्याकाळी नवऱ्याला डोळ्यांवर ओढणी बांधून बसवलं आणि एकेक बोंड चोळून नाकाशी धरलं. चकोतरा त्याने लगेच ओळखला. लिंबू आणि माती यांत गोंधळला, मग दाबून बघितल्यावर कळलं. नगेटला म्हणाला, "आयुर्वेदिक दुकान." डाऊनीवाला सेंटेनियलच निघाला.

साझ अठ्ठावीस ऑगस्टला उतरवला, ओली दोनशे ग्रॅम. विलामेट आणि सेंटेनियल त्याच आठवड्यात. कॅस्केड सात सप्टेंबरला, ओला एक किलो आठशे. नगेट काल, दोन किलोंच्या वर. तुम्ही सांगूनही पहिल्या दिवशी अर्ध्या बाह्यांच्या कुडत्यात गेले, त्याचे ओरखडे अजून आहेत.

वाळवायचं कुणी विचारलं नव्हतं तरी सांगते, कारण माझा पहिला विचार कुरडया-पापडांचा होता, म्हणजे उन्हात. ते करू नका, वास उडतो आणि रंग जातो. खिडकीच्या जुन्या जाळ्या गॅरेजमध्ये एकावर एक रचल्या, मध्ये विटा, खालून टेबल फॅन. बेदाण्याच्या शेडचंच तत्त्व, सावली आणि वारा. तीन दिवसांत मधला देठ वाकवला की कट्कन मोडायला लागला. कॅस्केडचे एक किलो आठशेचे तीनशे सत्तर ग्रॅम भरले. हवा काढून पिशव्या बंद केल्या आणि फ्रीजरमध्ये मटारशेजारी ठेवल्या. पहिल्या रात्री गॅरेजमध्ये तासभर निवडत बसल्यावर अशी झोप आली की बास. आपल्याकडे उशीत शेवरी भरतात, इकडे लोक झोप यावी म्हणून उशीत हे भरतात, आता पटलं.

मोतीवाल्या ताई, कुत्रा नाही, पण शेजाऱ्यांचा येतो. चोथा आता झाकणाच्या डब्यात.

ठेवणार: कॅस्केड आणि विलामेट, त्यात वाद नाही. सेंटेनियल मार्चमध्ये गड्ड्यासकट उपटून कचऱ्यात, खतात नाही. साझ अर्ध्या पिंपात लावून अंगणात हलवते, झातेत्सची लाज राखायला. नगेटवर घरात मतदान झालं. नवरा केंटकरांच्या बाजूने, मी याकिमाच्या. आप्पांना फोन लावला, तर म्हणाले, "रोग कशावर नाही?" नगेटवर यंदा नव्हता. "मग विचारते काय?" नगेट राहिला. मार्चमध्ये प्रत्येकाभोवती दीड फुटावर फावड्याने गोल कापून मधल्या मुळ्या तोडणार, म्हणजे पुन्हा सरमिसळ नको. आणि नावांसाठी बिअरच्या रिकाम्या कॅन कापून पत्रे केले आहेत, खिळ्याने कोरून. पाऊस काय पुसतो बघू.

आप्पांना शेवटी दरही सांगितला. इथल्या दुकानात अठ्ठावीस ग्रॅमच्या पाकिटाला तीनेक डॉलर पडतात. फोनवर बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं लाइन गेली.

मग म्हणाले, "किती फुटांवर लावलेत म्हणालीस?"